सेरोवेची सून

शनिवारी शेवटच्या तासाला मी मुलींना देशांचे झेंडे ओळखायला लावते. मी पडले अर्धवेळ बाई, त्यामुळे असले उरलेसुरले तास माझ्याच वाट्याला येतात. मला मात्र ते आवडतात. मागच्या महिन्यात बोत्सवानाचा झेंडा निघाला. फिकट निळा, आणि मधोमध पांढऱ्या काठांचा काळा पट्टा. "बाई, हा झेब्र्यासारखा पट्टा कशाला?" सातवीतल्या एका मुलीने विचारलं. सगळा वर्ग हसला, मीही हसले. उत्तर काही येईना.

घरी येऊन पुस्तकं चाळली, तर पोरगी अगदी बरोबर बोलली होती! निळा रंग पाण्याचा, पावसाचा. काळा-पांढरा पट्टा म्हणजे काळी आणि गोरी माणसं एकत्र नांदतात त्याची खूण. आणि झेब्रा हा तर त्या देशाचा मानाचा प्राणी. 'नांदतात' हा माझा शब्द. तो वहीत उतरवून घेतला आणि पुढे वाचू लागले, तो त्या देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकोची हकिकत समोर आली. इतकी गुंगले की गॅसवरचं वरण खाली लागलं. घरात बोलणी बसली ती बसलीच. पण मैत्रिणींनो, ती हकिकत तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

बोत्सवाना म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या डोक्यावर बसलेला देश. समुद्र कुठेच नाही, आणि बराचसा मुलूख कलहारीच्या वाळवंटाचा. १९६६ पर्यंत त्याचं नाव बेचुआनालँड होतं आणि तिथे इंग्रजांचा अंमल होता. तिथल्या मोठ्या जमातींपैकी एक बामांग्वाटो, आणि त्यांचं मुख्य गाव सेरोवे. या जमातीचा प्रमुख सेकगोमा १९२५ मध्ये वारला, तेव्हा त्याचा मुलगा सेरेत्से खामा अवघा चार वर्षांचा होता. गादी त्या पोराची, पण कारभार पाहू लागला त्याचा काका त्शेकेडी. काकाने पुतण्याला वाढवलं, दक्षिण आफ्रिकेतल्या चांगल्या शाळा-कॉलेजांतून शिकवलं, आणि महायुद्ध संपल्यावर विलायतेला धाडलं. आधी ऑक्सफर्ड, मग लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास. शिकून यायचं आणि गादीवर बसायचं, असा साधा सरळ बेत होता.

आता लंडनची मुलगी. तिचं नाव रूथ विल्यम्स. जन्म १९२३ चा, लंडनच्या दक्षिण भागातला. वडील हिंदुस्थानात इंग्रजी फौजेत कॅप्टन होते, नंतर चहाच्या व्यापारात गेले. रूथ चांगल्या शाळेत शिकली, युद्ध सुरू झाल्यावर हवाई दलाच्या महिला विभागात भरती झाली आणि विमानतळांवर रुग्णवाहिका चालवू लागली. युद्ध संपलं तशी एका विमा व्यवहाराच्या कंपनीत कारकून म्हणून लागली. म्हणजे राजकन्या नाही, पुढारीण नाही. डबा घेऊन वेळेवर नोकरीला जाणारी, तुमच्याआमच्या घरात सहज सामावेल अशीच मुलगी.

१९४७ च्या जूनमध्ये मिशनऱ्यांच्या एका संस्थेने विद्यार्थ्यांसाठी नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. रूथच्या बहिणीने, म्युरिएलने, तिथे तिची सेरेत्सेशी ओळख करून दिली. दोघांना जाझचं वेड. एकाच गायकमंडळाच्या तबकड्या दोघांना आवडत. पुढचं मी सांगायला नकोच.

सव्वा वर्षाने लग्न ठरलं आणि चारी दिशांनी भिंती उभ्या राहिल्या. रूथच्या वडिलांना हे मुळीच पसंत नव्हतं. मला वाचताना वाटलं, हा माणूस हिंदुस्थानात राहून आलेला, काळ्यासावळ्या माणसांत वावरलेला. पण मग लक्षात आलं, वावरला म्हणजे छावणीत आणि क्लबात! तिकडे काकाला कळलं, त्याने लग्न थांबवण्यासाठी लंडनच्या मिशनऱ्यांना गाठलं. चर्चमध्ये लग्न लावायला धर्मगुरू आधी तयार झाले, ऐनवेळी कचरले आणि त्यांनी प्रकरण लंडनच्या बिशपकडे ढकललं. बिशप म्हणाले, सरकारची हरकत नसेल तर बघू. लग्नाला सरकारची परवानगी! तीसुद्धा कायद्याने सज्ञान अशा दोन माणसांच्या. शेवटी २९ सप्टेंबर १९४८ ला केन्सिंग्टनच्या नोंदणी कचेरीत दोघांनी सह्या केल्या. ती चोवीस वर्षांची, तो सत्तावीसचा.

हे सगळं मी आमच्या शेजारच्या काकूंना सांगत होते. काकू सत्तरीच्या पुढच्या, आणि माझ्या प्रत्येक लेखाच्या पहिल्या श्रोत्या. मला वाटलं, त्या रूथची बाजू घेतील. तर त्या म्हणाल्या, "अगं, पण ज्याने लहानाचा मोठा केला त्या काकाला आधी विचारायला नको होतं?"

"काकू, तो आडमुठेपणा करत होता," मी म्हटलं.

"आडमुठा कसला? सगळ्या गावाची सून यायची होती. गावाला कळवलंसुद्धा नाही."

मी गप्प बसले, कारण काकूंचं अगदीच चुकत नव्हतं. बामांग्वाटोंमध्ये प्रमुखाची बायको ही त्याची एकट्याची निवड नसते. तिच्या पोटी पुढचा प्रमुख जन्माला यायचा, म्हणून जमातीच्या संमतीने ती यायची अशी रीत. काकाचा राग ती गोरी म्हणून होता की न विचारता आणली म्हणून, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. आपल्या घरांतही असे राग असतात. त्यांचं कारण विचारलं तर माणूस एक सांगतो, आणि असतं दुसरंच.

मग सेरेत्सेने एक केलं, जे मला त्याच्या सगळ्या पुढच्या पराक्रमांपेक्षा मोठं वाटतं. बायकोला लंडनला ठेवून तो एकटा गावी गेला आणि लोकांपुढे उभा राहिला. त्यांच्याकडे 'क्गोत्ला' म्हणून सभा असते. लाकडी खांबांच्या अर्धवर्तुळाकार कुंपणात सगळा गाव जमतो आणि ज्याला बोलायचंय तो उठून बोलतो. आपल्या पारावरच्या बैठकीसारखंच, फक्त खूप मोठ्या प्रमाणावर. पहिली सभा १९४८ च्या नोव्हेंबरात झाली, तेव्हा बहुतेक वजनदार मंडळी काकाच्या बाजूची. डिसेंबरात दुसरी झाली, तिथे वारं थोडं फिरलं. जून १९४९ मध्ये तिसरी. हजारो पुरुष जमले होते. सेरेत्सेने लग्नाला विरोध असणाऱ्यांना उभं राहायला सांगितलं, तर जेमतेम चाळीसेक उठले. मग पाठिंबा असणाऱ्यांना सांगितलं, तर सारा मेळावा उभा राहिला. काका आपल्या माणसांना घेऊन शेजारच्या जमातीच्या मुलखात निघून गेला.

सभेत बायका नव्हत्या, बरं का. सून यायची, आणि तिचा निर्णय करायला एकही सासू नाही! हे वाचून मला जरा लागलंच.

ऑगस्ट १९४९ मध्ये रूथ सेरोवेला आली. लंडनच्या धुक्यातली मुलगी एकदम तापलेल्या वाळूत, गवताने शाकारलेल्या गोल घरांच्या गावात. आसपासच्या मूठभर गोऱ्या वस्तीने तिला जवळ केलं नाही. गावच्या लोकांनी मात्र तिला 'मोहुमागाडी' म्हटलं, म्हणजे राणी. मार्गारेट बर्क-व्हाइट या छायाचित्रकार बाईंनी या जोडप्याचे फोटो काढले आणि ते अमेरिकेपर्यंत पोचले. चरख्याजवळ वाचत बसलेल्या गांधीजींचा फोटो आठवतो ना? तोही याच बाईंचा.

आता तुम्ही म्हणाल, गावाने सून स्वीकारली, गोष्ट संपली. खरी गोष्ट इथे सुरू होते, कारण सासरच्यांनी स्वीकारलेली सून दोन सरकारांना नको होती.

शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत १९४८ मध्येच मलान यांचं सरकार आलं होतं, काळ्या-गोऱ्यांना जन्मापासून मरणापर्यंत वेगळं ठेवणारं. १९४९ मध्ये त्यांनी गोऱ्यांनी इतर वर्णांच्या माणसांशी लग्न करणं कायद्याने बंद केलं. आणि यांच्या सरहद्दीला लागून एक गोरी बाई काळ्या प्रमुखाची पत्नी म्हणून राजरोस राहणार! मलान यांना ते सहन होईना. इंग्लंड युद्धाने कंगाल झालेलं, दक्षिण आफ्रिकेचं सोनं आणि युरेनियम त्यांना हवं होतं. शिवाय बेचुआनालँडच गिळायला तो शेजारी टपलेला होता. म्हणून लंडनच्या मजूर पक्षाच्या सरकारने शेजाऱ्याचं मन राखायचं ठरवलं. चौकशी नेमली, की सेरेत्से प्रमुखपदाला लायक आहे का? चौकशीत निघालं की माणूस लायक आहे, अडचण त्याच्या लग्नाची आहे. असा अहवाल लोकांपुढे कसा ठेवणार? तो कुलुपात गेला, आणि तीस वर्षं तिथेच राहिला.

१९५० च्या सुरुवातीला दोघांना चर्चेसाठी लंडनला बोलावणं आलं. गावकऱ्यांना वास आला. दोघंही गेली तर परत यायची नाहीत, म्हणून रूथने मागे राहायचं असं ठरलं. तिला दिवस गेलेले होते. नवरा एकटा गेला आणि गावकऱ्यांची शंका खरी ठरली. आधी वर्षाला अकराशे पौंड घेऊन गादी सोडा असं सांगून पाहिलं. तो नाही म्हणाला, तेव्हा मार्चमध्ये जाहीर झालं की त्याने पाच वर्षं आपल्या मुलखात पाऊल ठेवायचं नाही. आपली फसवणूक झाली अशी तार त्याने बायकोला केली.

त्या दिवसांतल्या रूथचा विचार करून पाहा. पहिलटकरीण, माहेर तुटलेलं, नवरा हजारो मैलांवर अडकलेला, आणि ती अशा गावात की जिथली भाषासुद्धा आपली नाही. कुणीही म्हणालं असतं, चल बाई, पहिलं विमान पकड. ती गेली नाही. गावही तिच्यामागे राहिलं. इंग्रजांचा बडा अधिकारी खुलासा करायला समारंभाचा पोशाख चढवून सेरोवेच्या सभास्थानी आला, तर तिथे चिटपाखरू नव्हतं! गावाने ठरवून पाठ फिरवली होती. सेरेत्सेला कोर्टाच्या कामापुरतं देशात येऊ दिलं, पण लोबात्से गावापर्यंत. स्वतःच्या घरी, बायकोकडे जायला सुरुवातीला बंदी. मे १९५० मध्ये सेरोवेलाच मुलगी झाली, जॅकलीन. त्यानंतर ऑगस्टमध्ये तान्ह्या पोरीला घेऊन दोघांना देश सोडावा लागला.

काकू इथे नुसत्या "अगं बाई" म्हणाल्या.

पुढची सहा वर्षं इंग्लंडमध्ये, क्रॉयडनच्या बाजूला. या काळाबद्दल लिहिणारे बहुतेक राजकारणच लिहितात, आणि राजकारण होतंही मजेदार. मजूर सरकारने बंदी घातली तेव्हा विरोधी बाकावरून चर्चिलसाहेब हा व्यवहार लाजिरवाणा असल्याचं बोलले होते. मग निवडणूक झाली, चर्चिलसाहेब पंतप्रधान झाले, आणि १९५२ मध्ये त्यांच्याच सरकारने पाच वर्षांची बंदी कायमची करून टाकली! वर सेरेत्सेला जमैकात सरकारी नोकरी देऊ केली. त्याने ती घेतली नाही. तिकडे सेरोवेत दंगल उसळली, तीन पोलीस मारले गेले. जमातीने दुसरा प्रमुख निवडायलाच नकार दिला.

मला मात्र राजकारणाआड दिसत राहते ती घरातली रूथ. १९५३ मध्ये मुलगा झाला, इयन. नवऱ्याला धड काम नाही, सरकारने ठरवून दिलेल्या रकमेवर घर चालतंय, आणि आपल्यामुळे याचं राज्य गेलं ही जाणीव रोजच्या जेवणात मिठासारखी आहेच. कधी भांडण झालं असेल तर? "तुझ्यापायी" हा शब्द कधी निघाला असेल का? कुठल्याच पुस्तकात ते असणार नाही. पण ज्या घरात एकाने दुसऱ्यासाठी काही सोडलेलं असतं, तिथे तो शब्द उंबऱ्याशी बसलेला असतो हे आपल्याला ठाऊक आहे. या दोघांनी त्याला घरात घेतला नाही, एवढं त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून म्हणता येतं.

आणि गाठ सोडवली कुणी, तर त्या काकाने! सहा वर्षांत त्शेकेडीला उमगलं असावं की आपण पुतण्याशी भांडलो आणि फायदा परक्यांनी उठवला. १९५६ मध्ये काका-पुतण्यांचा समेट झाला. दोघांनीही प्रमुखपदावरचा हक्क सोडायचा आणि सेरेत्सेने साधा नागरिक म्हणून घरी परतायचं, असं ठरलं. त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खामा कुटुंब सेरोवेला परत आलं. १९५८ मध्ये रूथला जुळे मुलगे झाले. एकाचं नाव अँथनी, वनवासात पाठीशी उभ्या राहिलेल्या अँथनी वेजवुड बेन या इंग्रज मित्रावरून. आणि दुसऱ्याचं नाव त्शेकेडी.

मी पुस्तक मिटून हे काकूंना सांगायला गेले. ज्याने आपलं लग्न मोडायचा प्रयत्न केला त्याचं नाव पोटच्या पोराला! काकू थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही नांदली हो." काका पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये वारला, पण आपल्या नावाचं बाळ घरात आलेलं त्याच्या हयातीत झालं, हे मला फार बरं वाटलं.

यापुढे सेरेत्सेला 'अहोजाहो' करायला हवं. त्यांनी गुरं पाळून पाहिली, त्यात फारसं यश आलं नाही. मधुमेह जडला. १९६२ मध्ये त्यांनी पक्ष उभा केला, १९६५ ची निवडणूक मोठ्या बहुमताने जिंकली आणि ३० सप्टेंबर १९६६ ला बोत्सवाना स्वतंत्र झाला. तारीख पाहिलीत का? आदल्या दिवशी, २९ ला, त्यांच्या लग्नाला अठरा वर्षं पुरी झाली होती. रूथबाई लेडी खामा झाल्या, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी.

पण देश कसला, तर दुष्काळाने होरपळलेला. पक्की सडक म्हणावी अशी सगळ्या देशात दहा-बारा किलोमीटर. राजधानीसुद्धा नव्हती; इंग्रज कारभार हाकायचे ते सरहद्दीपलीकडच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगहून. म्हणून गॅबोरोन हे शहर नव्याने वसवावं लागलं. वर्षभरात ओरापाला हिरे सापडले, नशीब फिरलं. हिऱ्यांचा पैसा शाळा, दवाखाने, रस्ते यांना लागला, पुढाऱ्यांच्या तिजोऱ्यांत गेला नाही. आफ्रिकेतच काय, कुठेही हे सहज घडत नाही. १९७६ मध्ये त्यांनी स्वतःचं चलन काढलं आणि त्याला नाव दिलं 'पुला'. त्यांच्या भाषेत पुला म्हणजे पाऊस. आशीर्वाद द्यायचा तरी तोच शब्द. मृग कोरडा गेला की काय होतं ते माहीत असलेल्या आपल्याला हे समजावून सांगायला नको.

लेडी खामांनी या काळात काय केलं? भाषणं फार केल्याचं दिसत नाही. रेडक्रॉसचं काम केलं, बायकांच्या संघटनांचं केलं, चार मुलं वाढवली आणि पथ्यावरच्या नवऱ्याला सांभाळलं. पथ्याचं माणूस घरात असलं की स्वयंपाक दोनदा होतो, ते राष्ट्राध्यक्षांच्या घरातही चुकत नसावं. १९७९ मध्ये थोरला मुलगा इयन बामांग्वाटोंचा प्रमुख झाला. ज्या बाईच्या मुलाला गादी मिळू नये म्हणून एवढं रामायण झालं, तिलाच लोक आता 'मा क्गोसी' म्हणू लागले, म्हणजे प्रमुखाची आई.

१३ जुलै १९८० ला सर सेरेत्से कर्करोगाने गेले. वय अवघं एकोणसाठ. रूथबाई तेव्हा छप्पन वर्षांच्या. तेव्हा तरी त्या इंग्लंडला परत जातील असं कित्येकांना वाटलं असेल. सख्खी बहीण होती, म्युरिएल, जिने पहिली ओळख करून दिली ती. दोघींचं शेवटपर्यंत चांगलं होतं. पण रूथबाई गेल्या नाहीत. नवरा होता तोवर राहिली, हे समजतं. नवरा गेल्यावर बावीस वर्षं राहिल्या, त्याला काय म्हणायचं?

२२ मे २००२ ला, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्या बोत्सवानातच वारल्या. त्यानंतर सहा वर्षांनी, २००८ मध्ये, मुलगा इयन देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, दहा वर्षं होता. ते पाहायला त्या नव्हत्या. २०१६ मध्ये या दोघांच्या लग्नावर एक इंग्रजी चित्रपटही निघाला.

गेल्या शनिवारी वर्गात गेले आणि त्या मुलीला तिचं उत्तर दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाई, त्यांना पुरलं कुठे? लंडनला की तिथे?"

तिथेच. सेरोवेच्या टेकडीवर, खामांच्या घराण्याच्या दफनभूमीत, नवऱ्याच्या शेजारी.